गार्टर स्नेकला गोल्डफिश नका देऊ

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आणि घरी गार्टर स्नेक (तिथला एक लहानसा साप) पाळणाऱ्यांसाठी सांगतेय, पेट शॉपमध्ये स्वस्तात मिळतात म्हणून गोल्डफिश किंवा रोझी रेड मिनो रोज देऊ नका. या माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी१ तोडून टाकतं आणि मग काही काळाने सापाला झटके यायला लागतात, बघवत नाही अक्षरशः. फ्रीझरमध्ये ठेवल्याने हे एन्झाइम जात नाही बरं का, बऱ्याच जणांना वाटतं की जातं.

मग द्यायचं काय? माझं मत विचाराल तर पिंकी, म्हणजे नुकतं जन्मलेलं उंदराचं पिल्लू, फ्रोझन आणायचं, कोमट पाण्यात पूर्ण वितळवायचं, मायक्रोवेव्ह अजिबात नको. यात हाडं, कॅल्शियम सगळं येतं. साप तोंड फिरवत असेल तर पिंकीवर गांडूळ किंवा ट्राउट माशाचा तुकडा चोळा, वासाने लगेच पकडतो. मधेमधे सॅल्मन, तिलापिया, गप्पी हे मासे चालतात, नाइटक्रॉलर गांडुळंही चालतात, पण कंपोस्टमधली लाल गांडुळं नकोच, ती विषारी ठरतात. किडे, क्रिकेट (रातकिडे) हा साप खात नाही.

पिल्लांना दर दोन-तीन दिवसांनी, मोठ्याला साधारण आठवड्यातून एकदा पुरतं. दोन साप असतील तर वेगवेगळे ठेवून खायला घाला, एकाच घासावर दोघं तुटून पडले तर एक दुसऱ्यालाच गिळायला लागतो.

आणि भारतात कुणी पाणदिवड वगैरे पकडून पाळायचा विचारही करू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.