आजीच्या बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

१९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बाईला ‘तुम्ही फार धाडसी होतात’ असं म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं : ‘त्यात काय, सगळ्याच जात होत्या.’ बोलणं तिथंच संपतं. तिनं स्वतःकडे त्या नजरेनं कधी पाहिलेलंच नसतं. तिचं धाडस कळतं ते कामाच्या बारकाव्यांतून, म्हणून विचारायचं ते कामाबद्दल. त्या वेळी विशीत असलेल्या बायका आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत, तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

वेळ सकाळची, नाश्ता-औषधं झाल्यानंतरची. रात्री बसू नका. जुनं दुःख उकरलं की म्हाताऱ्या माणसाची झोप जाते. एका बैठकीला पाऊण तास पुरे. खोली लहान आणि सामानाची निवडा. गाद्या, गोधड्या, कपडे आवाज शोषून घेतात. रिकाम्या फरशीच्या खोलीत तो घुमतो. पंखा बंद करा. कुकर लावायचा असेल तर आधीच लावून घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, तिच्या तोंडापासून दीड-दोन वितींवर. हातात धरू नका, बोटांची खरखर येते. मग दोन मिनिटं बोलून, ऐकून बघा. ही चाचणी टाळली की सगळी बैठक वाया जाऊ शकते.

सुरुवातीला तारीख, गाव, तिचं नाव आणि तिची परवानगी तिच्याच आवाजात नोंदवा. हे कोण ऐकणार आहे ते स्पष्ट सांगा : फक्त घरातले, की गावातलेही? नको वाटेल तिथं हात वर केला की रेकॉर्डिंग थांबेल, हेही सांगा आणि तसंच वागा.

घरात जशी हाक मारता तशीच मारा. एरवी ‘अगं आजी’ म्हणणारा नातू एकदम ‘तुम्ही’ म्हणू लागला, की आजीही साहेबाशी बोलावं तसं मोजकं बोलते. शेजारच्या मावशींना मात्र नेहमीसारखं अहो-जाहोच.

आता प्रश्न. ‘तुला कसं वाटलं?’ याला ‘काय वाटणार’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा : काम कशाचं होतं, रस्त्याचं की पाझर तलावाचं? घरून किती वाजता निघायचात? पायात काय असायचं? तान्हं पोर कुठं ठेवायचात? हजेरी कोण घ्यायचं? माप कमी भरलं तर मुकादम काय म्हणायचा? पगार कितव्या दिवशी व्हायचा आणि तो कोणाच्या हातात पडायचा? मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी कशी व्हायची? सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेलं कोरडं पौष्टिक खाणं, मुलं खायची का? पोराची झोळी कुठल्या झाडाला बांधली होती हे सांगता सांगता, ते रडलं तेव्हा काम टाकून जाता येत होतं का, हे ती आपणहून सांगते. मुकादमाशी भांडून मजुरी पूर्ण घेतली, सासऱ्यांनी नको म्हटलं तरी कामावर गेले, अशा गोष्टी याच वाटेनं येतात. सरकारी कागदांत कामांची आणि मजुरीची नोंद मिळेल, पुढे १९७७ मध्ये झालेला रोजगार हमीचा कायदाही मिळेल. पण कामावर जायला घरातून पहिलं पाऊल कसं पडलं, ते त्यांत नाही.

उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी मनात दहा आकडे मोजा. बहुतेकदा खरी गोष्ट त्यानंतर येते. ती रडली तर लगेच विषय बदलू नका, पुढचा प्रश्नही रेटू नका. पाणी द्या आणि ‘थांबूया का?’ एवढंच विचारा.

साल विचारून उपयोग नसतो. किल्लारीचा भूकंप (१९९३), गिरणी संप (१९८२), कोयनेचा भूकंप (१९६७), पानशेत फुटलं (१९६१) यांच्या आधी की नंतर, असं विचारा. थोरल्याचा जन्म, धाकट्या नणंदेचं लग्न हे त्याहून पक्के टप्पे.

आठवण अडली तर ओवी विचारून पाहा. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. बायका बोलून दाखवत नाहीत असं कितीतरी त्यांत आहे.

सगळ्यात जास्त बिघडतं ते घरच्यांमुळे. मुलगा मध्येच म्हणतो, ‘आई, तसं नव्हतं गं.’ सून समोर असली की सासू काही गोष्टी गिळते. पहिली बैठक दोघांतच करा. एकाच कामावर असलेल्या मैत्रिणींना एकत्र बसवायचं ते प्रत्येकीचं स्वतंत्र बोलणं झाल्यावर. आधीच बसवलं तर मोठ्या आवाजाच्या बाईची आठवण सगळ्यांची होते. नंतर बसवलं, की एकीचं ऐकून दुसरी राहिलेलं सांगते. पन्नास वर्षं न बोललेलं अशाच वेळी बाहेर येतं.

फाइलला त्याच दिवशी नाव द्या : वर्ष-महिना-दिवस, नाव, गाव. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल प्रतीत धरू नका.

तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास लागतात. बोली सुधारू नका. ‘आमी गेल्तो’ हे ‘आम्ही गेलो होतो’ केलं की तिचा आवाज गेला. ऐकू न आलेल्या जागी अंदाज न लिहिता फुली मारा आणि तिलाच विचारा.

शेवटी मोठ्या अक्षरांत छापून तिला द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. मुकादमाचं नाव, घरातली मारहाण, कुणाची जात काढून झालेला अपमान, यातलं काय ठेवायचं ते तीच ठरवेल. काढायला सांगितलेला भाग सगळ्या प्रतींतून काढा, फोनमधल्या मूळ फाइलमधूनही.