हुतात्मा स्मारक पाहायला जाताना

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी हुतात्मा स्मारक पाहायचं असेल तर सकाळी लवकर जा. तिरक्या उन्हात शिळेवरची झिजलेली अक्षरं उठून दिसतात. भर दुपारी तीच वाचता येत नाहीत. नीट दिसावीत म्हणून खडू किंवा तेल मात्र मुळीच लावू नका, दगड खराब होतो. नावासोबत गावही टिपून घ्या. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात खेड्यापाड्यांतली साधी माणसं लढली, आणि त्यांच्या गावात विचारलं तर म्हातारी मंडळी शिळेवर नसलेलं बरंच सांगतात. १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदनाची गर्दी असते. त्या दिवशी वंदनाला जरूर जा, वाचायला दुसऱ्या दिवशी. कुलूप असेल तर नगरपालिकेत किल्लीची चौकशी करा. त्याच फेरीत धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या लामतुरे पुराणवस्तू संग्रहालयालाही जायचं तर सुट्टीचा वार आधीच विचारा.