व्हायरल लोड आणि नवा व्हेरिएंट: सीटीचे आकडे वाचताना या चुका टाळा

करोनाचा नवा व्हेरिएंट सापडला की थोड्याच दिवसांत एक आलेख फिरू लागतो. दोन रंगांचे ठिपके, त्यातला एक रंग वर सरकलेला, आणि खाली निष्कर्ष: याचा व्हायरल लोड, म्हणजे नमुन्यातलं विषाणूचं प्रमाण, इतक्या पट जास्त, म्हणून हा झपाट्याने पसरतोय. २०२० मध्ये डी६१४जी या बदलाच्या वेळी हे झालं, अल्फाच्या वेळी झालं, डेल्टाच्या वेळी तर फारच झालं. निष्कर्ष कधी अर्धा बरोबर निघाला, कधी साफ चुकला, पण चुका दर वेळी त्याच. आरटी-पीसीआरचे निकाल तपासणं आणि नव्या मुलामुलींना ते वाचायला शिकवणं हे माझं काम आहे. त्यामुळे या चुका सतत समोर येतात. त्यातल्या दोन मला खरोखर छळतात. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

संसर्गाचा कितवा दिवस, हे न विचारता तुलना करणं

विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, यंत्राला दिसेपर्यंत पीसीआरच्या किती सायकल (प्रती वाढवण्याच्या फेऱ्या) लागल्या, तो आकडा म्हणजे सीटी. दर सायकलला नमुन्यातला ऐवज साधारण दुप्पट होतो. म्हणून सीटी जितका कमी तितका मुळात विषाणू जास्त, आणि १० सायकलचा फरक म्हणजे सुमारे हजार पट. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. विसरलं जातं ते हे, की एकाच माणसात, एकाच विषाणूचा सीटी रोज बदलतो. ब्रिटनमध्ये तरुण स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणूचे थेंब घालून एक अभ्यास झाला. त्याचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. लागण झालेल्या १८ जणांच्या घशात सुमारे ४० तासांनी विषाणू दिसायला लागला, नाकात त्यानंतर, आणि पाचव्या दिवसाच्या आसपास लोड शिखरावर पोचला. चढण उभी, उतार लांबलचक. त्या चढणीवर एक-दोन दिवसांत लोड शेकडो पटींनी वाढतो. व्हेरिएंट कुठला, याने पडणारा फरक बहुतेकदा याहून लहान असतो.

ओमिक्रॉनचे उपप्रकार एकामागून एक येत होते, तेव्हाची एका प्रयोगशाळेतली गोष्ट सांगते. तिथल्या एका नव्या विश्लेषकाने जुन्या आणि नव्या उपप्रकाराच्या सीटींची सरासरी काढली. नव्याचा सीटी चारेक सायकलने कमी, म्हणजे लोड सोळा पट. अहवालाचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं. मी विचारलं, नमुने लक्षणांच्या कितव्या दिवशी घेतलेत? फाइलमध्ये तो रकानाच नव्हता. तो म्हणाला, “मॅडम, एवढे नमुने आहेत, दिवसांचा फरक आपोआप निघून जाईल.” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याला एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं. नमुने वाढले की योगायोगाने पडणारा फरक कमी होतो. एकाच बाजूला असलेला झुकाव मात्र जात नाही. नमुने वाढतील तसा तो आणखी ठाम दिसायला लागतो.

मग मूळ फॉर्म बाहेर काढले. काम कंटाळवाणं होतं, बऱ्याच फॉर्मवर तारीख वाचता येत नव्हती, तिथे फोन करावे लागले. चित्र हळूहळू उघड झालं. जुन्या उपप्रकाराचे बरेचसे नमुने रुग्णालयात दाखल झालेल्यांचे होते, लक्षणं सुरू होऊन आठवडा उलटलेला. नव्याचे बहुतेक नमुने बाधितांच्या संपर्कातल्या लोकांचे, पहिल्या दोन-तीन दिवसांतले. एका शाळेतली पहिलीची मुलं आणि दुसऱ्या शाळेतली दहावीची मुलं मोजून कुठल्या शाळेत मुलं उंच हे ठरवावं, असा तो प्रकार होता. दिवसवार गट पाडल्यावर चारातल्या जवळपास तीन सायकल विरून गेल्या. उरलेल्या एकीचं उत्तर साठ्याच्या नोंदवहीत मिळालं: मधल्या काळात किट बदललं होतं. अहवाल थांबला, आणि त्याच मुलाने पुढे ‘लक्षणांचा पहिला दिवस’ हा रकाना भरल्याशिवाय नमुन्याची नोंदच होणार नाही अशी सोय करून घेतली.

दिवसांचा हा झुकाव लाटेतही लपलेला असतो, आणि तो ओळखणं जास्त कठीण. लाट चढत असते तेव्हा कुठल्याही दिवशी सापडणाऱ्या बाधितांत नुकतीच लागण झालेले जास्त असतात, म्हणून सगळ्यांचा मिळून सीटी खाली येतो. लाट ओसरताना जुने संसर्ग जास्त सापडतात आणि सीटी वर जातो. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तर हे उलटं वापरलं: एका दिवसाच्या सीटींच्या विखुरणीवरून साथ वाढतेय की उतरतेय, याचा अंदाज बांधून दाखवला. आता विचार करा. नवा व्हेरिएंट बहुतेकदा चढत्या लाटेवर असतो आणि जुना उतरत्या. म्हणजे दोघांचा व्हायरल लोड अगदी सारखा असला, तरी त्याच आठवड्यात मोजलेला नव्याचा सीटी कमीच येणार. जो पुरावा म्हणून दाखवला जातो, तो पसरण्याचं कारण नसून पसरण्याचा परिणाम असू शकतो. अल्फाच्या वेळचे सुरुवातीचे अनेक दावे वाचताना ही शंका मनात ठेवूनच वाचावं लागतं.

माझी सवय सांगते, तिला कुणी पद्धत म्हणू नये. लक्षणांचा किंवा संपर्काचा दिवस माहीत नसेल तर मी दोन व्हेरिएंटची सरासरी शेजारी-शेजारी लिहितच नाही. दिवस माहीत असेल तर पहिल्या तीन दिवसांचे नमुने वेगळे काढते आणि तेवढेच बघते. एकाच माणसाचे रोजचे नमुने मिळत असतील, तर थोड्या लोकांचा तो वक्र मला हजारो सुट्या नमुन्यांपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. घाई असलेल्यांना हे पटत नाही. त्यांना आजच्या आज एक आकडा हवा असतो.

हजार पट लोड म्हणजे हजार पट लागण, असं समजणं

डेल्टाच्या वेळी ‘हजार पट व्हायरल लोड’ हे शब्द सगळीकडे गेले. त्यामागे २०२१ च्या मे-जूनमधला चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताचा अभ्यास होता. विलगीकरणात ठेवलेल्या, वरचेवर तपासल्या जाणाऱ्या संपर्कातल्या लोकांत पहिल्यांदा पॉझिटिव्ह आला त्या दिवशीचा सीटी डेल्टामध्ये २४ होता, २०२० च्या सुरुवातीच्या विषाणूत ३४.३१. फरक सुमारे १२६० पट. आकडा खरा आहे, पण तो पहिल्या पॉझिटिव्ह दिवसाचा आहे, शिखराचा नाही. त्याच अभ्यासातली जास्त मोलाची गोष्ट बातम्यांमधून गळाली: संपर्कापासून पॉझिटिव्ह येईपर्यंत पूर्वी सुमारे ६ दिवस लागायचे, डेल्टात ४. म्हणजे विषाणू शरीरात लवकर वाढत होता, आणि माणसाला आपण आजारी आहोत हे कळायच्या आत दुसऱ्यापर्यंत पोचत होता. फैलावाच्या दृष्टीने हे दोन दिवस त्या हजार पटीपेक्षा जास्त बोलतात.

लोड आणि लागण यांचं नातं सरळ रेषेतलं नसतं. स्पेनमधल्या कॅटलोनियात २०२० च्या वसंतात बाधितांचा आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा अभ्यास झाला. मूळ रुग्णाच्या नमुन्यात मिलीलिटरमागे विषाणूच्या आरएनएच्या १० लाखांहून कमी कॉपी असतील, तर संपर्कातल्या १२ टक्के लोकांना लागण झाली. १००० कोटी किंवा त्याहून जास्त असतील तर २४ टक्के लोकांना. लोड दहा हजार पटींनी वाढला, लागण दुप्पट झाली. लोड महत्त्वाचा आहे, त्या अभ्यासात तर इतर सगळ्या कारणांपेक्षा तोच ठळक ठरला, पण गुणाकार करून ‘इतक्या पट संसर्गजन्य’ म्हणायला त्यात आधार नाही.

शिवाय स्वॅबवरचा विषाणू म्हणजे हवेत आलेला विषाणू नव्हे. ज्या ब्रिटिश स्वयंसेवकांचा उल्लेख वर केला, त्यांच्या आसपासची हवाही तपासली गेली. १८ बाधितांपैकी दोघांनीच हवेत सापडलेल्या विषाणूपैकी ८६ टक्के विषाणू सोडला होता. एवढी विषम वाटणी असताना सगळ्यांच्या स्वॅबच्या सरासरीवरून फैलाव सांगणं मला तरी जमत नाही.

आणि ओमिक्रॉनने तर हे गृहीतकच मोडलं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तो समोर आला आणि काही आठवड्यांत त्याने डेल्टाला मागे टाकलं. लोकांनी लगेच गृहीत धरलं, लोड डेल्टापेक्षाही जास्त असणार. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंची वरचेवर तपासणी होत होती, म्हणून तिथे संसर्गाचा पूर्ण वक्र पाहता आला; त्यात ओमिक्रॉनचं शिखर डेल्टापेक्षा खाली होतं. तरी तो जास्त पसरला, कारण लस घेतलेल्या आणि आधी संसर्ग होऊन गेलेल्या लोकांच्या प्रतिकारशक्तीला तो चुकवू शकत होता आणि एका रुग्णापासून पुढच्याला लागण व्हायला लागणारा वेळ कमी झाला होता. हाँगकाँग विद्यापीठाच्या प्रयोगात श्वासनलिकांच्या ऊतीत तो डेल्टापेक्षा सुमारे ७० पट वेगाने वाढला, फुप्फुसाच्या ऊतीत मात्र मूळ विषाणूच्या एक दशांशाहूनही कमी. फक्त नाकाच्या स्वॅबचा सीटी बघणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

वेगवेगळ्या किटचे, वेगवेगळ्या यंत्रांचे सीटी एका सरासरीत घालू नका. एकाच नमुन्यावर यंत्रागणिक १४ सायकलपर्यंत तफावत दिसलेली आहे.

किट विषाणूची तीन जनुकं शोधत असेल, तर तिन्हींच्या सीटींची सरासरी काढू नका. अल्फा आणि बीए.१ (ओमिक्रॉनचा एक उपप्रकार) मध्ये काही किटना एस जनुक दिसतच नाही, मग ती सरासरी कसली?

‘आढळला नाही’ म्हणून आलेले नमुने गाळून टाकले की लोड फुगतो. त्यांना सरसकट ४०, म्हणजे सहसा तपासणीची शेवटची सायकल, असं लिहिलं तरी आकडा बिघडतो. ते वेगळे मोजा आणि वेगळेच सांगा.

आरएनए सापडला म्हणजे जिवंत विषाणू आहे, असं नाही. सौम्य आजारात साधारण दहा दिवसांनंतर नमुन्यातला विषाणू प्रयोगशाळेत क्वचितच वाढवता येतो, पीसीआर मात्र कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. तिसऱ्या आठवड्यातला सीटी ३३ घेऊन कुणालाही घाबरवू नका.

एका गटाचा सीटी दुसऱ्यासारखाच, म्हणून दोघे सारखेच पसरवतात, हा निष्कर्षही घाईचा. २०२१ च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्रोव्हिन्सटाउनच्या उद्रेकात लस घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचा सीटी जवळपास सारखा आला (मध्यक २२.७७ आणि २१.५४), आणि ‘लसीने फैलाव थांबत नाही’ अशी हाकाटी झाली. सिंगापूरमध्ये तेच एकाच रुग्णाच्या वेळोवेळी घेतलेल्या नमुन्यांवर पाहिलं, तेव्हा सुरुवातीचा सीटी सारखा असला तरी लस घेतलेल्यांचा लोड लवकर उतरत होता. नेदरलँड्समधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात तर तेवढ्याच लोडला लस घेतलेल्यांच्या नमुन्यातून जिवंत विषाणू कमी वेळा मिळाला. म्हणजे इथेही तोच प्रश्न राहिला होता: कितवा दिवस?

आणि स्वॅब नीट घेतला होता का, हे व्हेरिएंटवर बोट ठेवायच्या आधी तपासा. सीटी अचानक वर गेला की मी आधी माणसाच्या जनुकाचा, म्हणजे आरनेझ पीचा सीटी बघते. तोही वर गेला असेल, तर काडी नाकात नीट फिरलेली नाही किंवा नमुन्यात पीसीआर अडवणारं काही आहे. तो जागेवर असेल, तर किटचा लॉट, मग नमुना किती वेळ बाहेर राहिला, मग काडी नाकातली की घशातली. हे सगळं जुळलं, लक्षणांचा दिवसही जुळला आणि तरी फरक उरला, तरच जनुकक्रम काढायला पाठवते.