विमानाला पाणी घालू नका! संग्रहालयाची बाग करायला निघालात, तर या चुका टाळा

पहिल्या रविवारी आम्ही बेचाळीस जण होतो. टोप्या, हातमोजे, घरून आणलेली खुरपी, चहाचे दोन थर्मास आणि एका काकूंनी हौसेनं आणलेली तुळशीची रोपं. पुण्यातल्या एका छोट्या विमान संग्रहालयाची बाग नव्यानं करून द्यायची होती, तीही फुकट, दर रविवारी सकाळी सात ते दहा. मी वीस वर्षं बाल्कनीत झाडं लावलेली बाई. मला वाटलं, बाग ती बाग, कुंडीपेक्षा जरा मोठी एवढंच. पुढची दोन वर्षं ती समजूत निस्तरण्यात गेली.

सप्टेंबर २०२५मध्ये हवाई दलानं मिग-२१ निवृत्त केलं. आता अशी आणखी विमानं कुठल्या ना कुठल्या चौकात, शाळेपुढे, संग्रहालयात येऊन उभी राहतील आणि त्यांच्याभोवती कुणीतरी आमच्यासारखंच उत्साहानं फावडं घेऊन जाईल. म्हणून हे लिहिते आहे. अशा बागेत मालक झाड नसतं, विमान असतं. आमच्या बहुतेक चुका हे उशिरा कळल्यामुळे झाल्या.

विमानाच्या पायाशी वाफा

ही आमची सगळ्यात देखणी चूक. विमान उभं होतं त्या काँक्रीटच्या ओट्यावर चाकांभोवती आम्ही विटांची तिरपी कड लावली, आत लाल माती भरली आणि झेंडू लावले. फोटो इतके सुंदर आले की ग्रुपवर दोन दिवस अंगठेच अंगठे. मग जून लागला. ओट्याचा उतार ज्या बाजूला होता, नेमकी तीच बाजू आमच्या विटांनी अडवलेली. दोन पावसांत वाफ्याचं डबकं झालं आणि त्यात विमान उभं, पंढरपूरच्या चंद्रभागेत वारकरी उभा राहावा तसं.

तिथली देखभाल बघणारे गृहस्थ हवाई दलातून निवृत्त झालेले. नोकरीभर विमानाच्या सांगाड्याचंच काम केलेलं. त्यांनी काही न बोलता मला चाकाशी बसवलं आणि रिमच्या कडेवरून नख फिरवलं. नखाखाली पांढरट भुकटी आली.

"ही काय रांगोळी वाटली का ताई?"

जुन्या विमानांच्या चाकांचे भाग बऱ्याचदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. ओलावा साठला की हा धातू फार लवकर गंजतो. बाकीचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. ते लोखंडासारखं तांबूस गंजत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की ते गंजतच नाही. ते गंजतं, पण पांढरं. आधी रंगाखाली फोड येतो, फोड फुटला की खाली भुकटी.

तुमच्याकडेही असा वाफा झाला असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका. ओट्यावरची माती, विटा, पालापाचोळा सगळं काढा. ओट्याच्या कडेपासून निदान एक मीटर जागा मोकळी सोडा आणि बाहेरची माती ओट्याच्या पातळीपेक्षा चार बोटं खालीच राहू द्या. मग बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं बघा. विमानाकडे गेलं तर उतार चुकलाय. आम्ही ही बादली शेवटी ओतली. ती पहिल्या दिवशी ओतायची असते.

स्प्रिंकलर लावलं की काम संपलं, असं नाही

एका दात्यानं फिरते स्प्रिंकलर दिले. छानच. पण बोअरचं पाणी जड. तुषार वाऱ्यानं पंखावर जायचे, वाळले की पांढरे ठिपके राहायचे. कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण काचेचं नसतं, ॲक्रिलिकचं असतं. आमच्यातल्या एकीनं त्यावरचे डाग घरातल्या काच पुसायच्या फवाऱ्यानं पुसले. अशा फवाऱ्यात बऱ्याचदा अमोनिया असतो आणि तो ॲक्रिलिकला चालत नाही. त्यानं बारीक तडे जातात, उन्हात बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. कोरड्या फडक्यानं घासलं तर ओरखडे. हे काम आपलं नाहीच. आपण पाणी विमानापर्यंत जाऊ द्यायचं नाही, बस. झुडपांना ठिबक, झाडांना आळी आणि हातात पाइप घेतलेला माणूस. सगळ्यात भरवशाचा हा शेवटचा, फक्त तो फोनवर बोलत नसावा.

लॉनचा हिशेब आधी करा

लॉन कुणाला नको असतं? आम्ही दोन हजार चौरस फुटांचं तयार गुंडाळ्यांचं लॉन अंथरलं. ऑक्टोबरमध्ये डोळे निवले. मार्चमध्ये हिशेब मांडला. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. दोन हजार चौरस फूट म्हणजे १८६ चौरस मीटर. रोजचे ९३० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम अकरा दिवस पुरणार. एप्रिल-मेमध्ये ज्या शहरात सोसायट्या टँकरची वाट बघत बसतात, तिथे आपण गवताला टँकर मागवायचा? मला तरी ते पटेना.

आम्ही लॉन प्रवेशाजवळच्या एका पट्ट्यापुरतं ठेवलं. बाकी जागेत हरळी येऊ दिली. ती उन्हाळ्यात मरगळते, पिवळी पडते आणि पहिल्या पावसाला परत येते. पिवळ्या हरळीवर उभं असलेलं विमान वाईट दिसतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी टँकरचं बिल भरावं.

लॉनचा आणखी एक रोग सांगून ठेवते. पावसाळ्यात पिवळे गोल चट्टे पडले आणि हातानं ओढल्यावर गवत सतरंजीसारखं उचललं गेलं, तर खाली हुमणी आहे. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी अळी, मुळं खाते. आमच्याकडे ती बहुधा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून आली, कारण गोठ्यावरून ट्रॉली थेट लॉनवर रिकामी केली होती. मग साळुंक्या आणि बगळे अळ्या टिपायला आले आणि त्यांच्या विष्ठा पंखांवर पडल्या. शेणखत पूर्ण कुजलेलं, हातात घेतल्यावर वास न येणारं, चहाच्या भुकटीसारखं हवं. हुमणी लागलीच तर उसाचे शेतकरी वापरतात ती मेटारायझियम बुरशी ओल्या जमिनीत द्यावी. रासायनिक खत द्यायचंच असेल तर विमानापासून लांब. त्यातही म्युरेट ऑफ पोटॅश नकोच. त्यात क्लोराइड असतं आणि ॲल्युमिनियमला क्लोराइड म्हणजे समुद्राची खारी हवा, गंज आलाच.

झाड कुठे लावता, त्याहून ते कुठवर जाईल हे बघा

वर्षावृक्षाचं रोप गुडघ्याएवढं असतं आणि फार गोड दिसतं. ते आम्ही पंखाच्या टोकापासून पंधरा फुटांवर लावलं. मिग-२१चा पंखविस्तार सुमारे सात मीटर, आणि वर्षावृक्षाचा घेर वीस मीटरच्याही पुढे जातो. म्हणजे उद्या अख्खं विमान झाडाखाली. "सावलीच मिळेल की!" असं आमच्यातलं कुणीतरी म्हणालंच. सावली मिळते, पण तिच्याबरोबर ओल मिळते, पक्षी मिळतात आणि पानं मिळतात. विमानाच्या पोटाला पाणी निचरायची बारीक भोकं असतात. ती पाचोळ्यानं बुजली की पाणी आतच राहतं आणि आतून खायला लागतं, ते बाहेरून दिसतही नाही.

वड, पिंपळ, उंबर विमानाजवळ नकोतच. फळं आली की पाखरं आणि वटवाघळं आलीच. उंबर मला फार आवडतो, पण तो कुंपणाकडे. संग्रहालय विमानतळाच्या आसपास असेल तर पाखरं गोळा करणारी झाडं लावण्याआधी दहादा विचार करा. लोहगावच्या धावपट्टीवरून प्रवासी विमानंही उडतात आणि हवाई दलाचीही, आणि त्यांना घारींची भीती असते. रविवारच्या वड्यांचे कागद आणि उरलेली चटणी उघड्या कोपऱ्यात टाकू नका, हे त्याच यादीत. विमानतळाभोवती दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला बंदी असते. आम्हाला हे दुसऱ्या महिन्यात कळलं, तेही घारी मोजता मोजता.

सावली माणसांना हवी. बाक जिथे आहेत तिथे कडुनिंब, बहावा लावा. बोगनवेल कुंपणावर चढवा. विमानाच्या नाकासमोर काहीही लावू नका, कारण लोक फोटो तिथूनच काढतात. आमची एक जास्वंद माहितीच्या फलकापुढे इतकी फोफावली की विमानाचं नाव वाचायला फांदी बाजूला करावी लागे.

खड्डा म्हणजे टाकी नव्हे

पुण्यात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. मुरमात पहारीनं खड्डा काढून त्यात मऊ माती भरली की पावसाळ्यात त्याची टाकी होते. रोप आधी हिरवंगार, मग ऑगस्टमध्ये पानं पिवळी, आणि लोक म्हणतात, पाणी कमी पडतंय. आणखी पाणी. रोप मेलं.

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढा, ऊन खाऊ द्या. एका खड्ड्यात पाणी भरून दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तळ पहारीनं फोडा, किंवा सरळ उंचवटा करून त्यावर झाड लावा. भरलेली माती खाली बसते, म्हणून जमिनीपेक्षा वीतभर वर भरा. लागवड पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. आणि पहार मारण्याआधी तिथल्या माणसाला विचारा की विजेची केबल कुठून गेलीय. एका रात्री दिवे लागले नाहीत, तेव्हा आम्हाला कळलं ती कुठून गेलीय.

जुनी झाडं छाटायची तर हात आवरा. महाराष्ट्रात १९७५चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचं जतन करणारा कायदा आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यावर कुऱ्हाड नाही, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. परवानगी वृक्ष प्राधिकरणाची. जागा कँटोन्मेंटमध्ये असेल तर कुणाकडे जायचं, ते आधी विचारून घ्या. तुम्ही स्वयंसेवक आहात, याला तिथे कवडीची किंमत नाही.

ग्रास कटर, खडी आणि गाजर गवत

नायलॉनच्या दोरीचं ग्रास कटर गवताबरोबर खडेही उडवतं. विमानाजवळ ते चालवायचं नाही, तिथे विळा. शोभेची पांढरी खडी तर आणूच नका. आम्ही ओट्याभोवती अंथरली, आणि शाळेची पहिलीच सहल येऊन गेल्यावर विमानाच्या मागच्या नळकांड्यातून दोन घमेली खडी काढली. मुलांचं मला चूक वाटत नाही. मोठं गोल भोक आणि हातात खडा, आणखी काय होणार?

गाजर गवताबद्दल पुणेकरांनी जरा जास्तच जागरूक राहायला हवं. १९५०च्या दशकात भारतात त्याची पहिली नोंद पुण्यातच झाली. त्यानं अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. पावसानं माती मऊ असताना, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलावर आलेलं उपटून कंपोस्टच्या ढिगात टाकलंत तर पुढच्या वर्षी खताबरोबर तेच सगळीकडे पेराल. आणि उंच गवतात हात घालण्याआधी काठीनं आपटा. घोणस पळत नाही, बसून राहते.

मे महिन्यात किती जण येणार?

लागवडीच्या दिवशी बेचाळीस, मेच्या दुसऱ्या रविवारी सहा. त्यातले दोघं फोटो काढायला. प्रत्येक रोपाला दोन उन्हाळे पाणी लागतं. आमची तीस रोपं, आठवड्यातून दोनदा दहा दहा लिटर, म्हणजे आठवड्याला ६०० लिटर. तेवढं आणायला चार माणसं पक्की हवीत. ती चार नावं आधी लिहा, मग ठरवा रोपं किती लावायची. आम्ही उलटं केलं. तीसपैकी अकरा जगली. दुसऱ्या वर्षी फक्त बाराच लावली आणि दहा जगली. ग्रुपवर पाळ्या लावल्या, सुट्टीवर जाणाऱ्यानं बदली माणूस द्यायचा असा नियम केला आणि तो मोडणाऱ्याला चहाचा खर्च लावला. चहा फार चांगला मिळू लागला.

राहिली बिट्टी. पिवळी, घंटेसारखी फुलं, पाण्याची फारशी कटकट नाही, म्हणून रस्त्याच्या दुभाजकांत असते तशी आम्हीही रांगेत लावली होती, नेमकी सहलीची मुलं डबे खातात तिथे. बिट्टी आणि कण्हेर दोन्ही विषारी, बिट्टीची बी तर फारच. एका शिक्षिकेनं दाखवून दिलं, कारण एका मुलाच्या खिशात पाच बिया होत्या, गोट्या म्हणून. त्याच दुपारी सगळी रांग उपटली. आता तिथे जास्वंद आहे. तिच्यावर पिठ्या ढेकूण पडतो, पण तो मुलांवर पडत नाही. त्याचं आम्ही बघून घेऊ.