कोर्ट उठेपर्यंत कैद, आणि पुढचे तीस दिवस

उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर एकीलाही नाही. रात्री वळणावर तसाच उभा केलेला. मोटारसायकलवरचा बावीस वर्षांचा पोरगा जागीच गेला. सात वर्षांनी निकाल लागला: आरोपी दोषी, शिक्षा कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड. त्या दिवशी कोर्ट पावणेसहाला उठलं, तिथेच कैद संपली. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता आणि पोराचे वडील, आम्ही त्यांना अण्णाच म्हणायचो, पिशवी घेऊन माझ्यासमोर उभे. "साहेब, मी वर जातो."

मी सव्वीस वर्षं तालुक्याच्या कोर्टांत सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे खटल्यात सरकारची बाजू मांडणारा वकील, होतो. अण्णांना तेव्हा जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

शिक्षा वाढवा म्हणून अपिलात वर तुम्हाला जाता येत नाही, सरकारला जाता येतं. आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी धरला किंवा भरपाई अपुरी दिली, तर पीडिताला स्वतःचं अपील आहे. शिक्षा कमी झाली म्हणून मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येही हेच सांगितलं. शिक्षावाढीचं अपील जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 377 खाली होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम 418 खाली आहे. ते करायचं तर राज्य सरकारने सरकारी वकिलाला तसा आदेश द्यावा लागतो. फौजदार ते करू शकत नाही, आणि मला कितीही वाटलं तरी मीही माझ्या सहीने ते करू शकत नव्हतो. तुमचं काम आहे ही फाइल चालती ठेवणं.

आता मुदत. इथेच निम्मी प्रकरणं मरतात. मॅजिस्ट्रेटने दिलेल्या शिक्षेविरुद्ध अपील सत्र न्यायालयात जातं, मुदत 30 दिवस. सत्र न्यायालयाची शिक्षा असेल तर उच्च न्यायालयात, 60 दिवस. कोर्टाच्या आवारात ज्याच्या त्याच्या तोंडी असतात ते 90 दिवस निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलाचे, ते इथे लावू नका. निकालपत्राच्या नकलेला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण नकलेचा अर्ज केला असेल तरच. म्हणून निकालाच्या दिवशीच सरकारी वकिलाला विचारा, "साहेब, नकलेला अर्ज टाकला का?" आणि स्वतःसाठी वेगळी नक्कल मागा, ती पुढे लागेल. तिच्यावर अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते. तयार झालेली नक्कल तुम्ही आठवडाभर नेली नाहीत, तर तो आठवडा वजा होत नाही.

मग अर्ज. सरकारी वकिलाकडे द्या, जिल्ह्याच्या सहायक संचालक व सरकारी अभियोक्ता कार्यालयात एक प्रत आणि मंत्रालयात विधी व न्याय विभागाला एक. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

अण्णांचा पहिला अर्ज चार पानांचा होता आणि वाचताना माझेही डोळे भरले. मी त्यातली एक ओळ ठेवली. शिक्षा वाढते ती न्यायाधीशाने काय पाहिलं नाही हे दाखवल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्येच बेद राज प्रकरणात म्हटलंय की दिलेली शिक्षा भरीव असेल तर वरच्या कोर्टाने हात घालू नये. 'आम्ही असतो तर जास्त दिली असती' एवढं पुरत नाही. म्हणून आम्ही लिहिलं: पंचनाम्यात रिफ्लेक्टर नसल्याची नोंद, आरटीओच्या तपासणी अहवालात मागचा दिवा बंद, निष्काळजीपणाने मृत्यूच्या गुन्ह्याला, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम 304-अ ला, 2 वर्षांपर्यंत कैद असताना एकही दिवस तुरुंग नाही, आणि निकालपत्रात कारण काय, तर आरोपी घरातला एकटा कमावता. (गेलेला पोरगाही तसाच होता. हीच ती ठेवलेली ओळ.) 1 जुलै 2024 पासूनच्या अपघाताला नव्या न्याय संहितेचं कलम 106 लागतं, तिथे सर्वसाधारणपणे 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण खालच्या कोर्टाला जेवढी देता आली असती त्याहून जास्त अपिलातही मिळत नाही, आणि प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटची मर्यादा 3 वर्षांची.

आरोपीने गुन्हा कबूल केल्यावर किरकोळ शिक्षा झाली असेल तर जपून. थिप्पेस्वामी प्रकरणात सौम्य शिक्षेच्या भरवशावर कबुली दिलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि खटला पहिल्यापासून चालवायला परत पाठवला.

दुसरा धोका घरच्यांना आधीच सांगून ठेवा. शिक्षा वाढवण्यापूर्वी आरोपीला नोटीस द्यावीच लागते, आणि उत्तरात तो थेट निर्दोष सुटका मागू शकतो. मिळूही शकते.

सरकार अपील करायला नाही म्हणालं, किंवा काहीच म्हणालं नाही, तर तुमच्या हातात पुनरीक्षण अर्ज आहे, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल बरोबर आहे का ते वरच्या कोर्टाने तपासावं असा अर्ज. मुदत 90 दिवस, निकालाच्या तारखेपासून. मंत्रालयाच्या उत्तराची वाट पाहण्यात ती घालवू नका. उच्च न्यायालय स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. वांद्र्याच्या कार्टर रोडवर 2006 मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले, सत्र न्यायालयाने 6 महिने दिले. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचं कलम 304 भाग 2 लावून 3 वर्षं केली, 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती कायम झाली. पण तसं आपल्याही बाबतीत होईल या आशेवर बसू नये.

आमचा प्रस्ताव एका कार्यालयाच्या कपाटात अडकला आणि अपील 19 दिवस उशिरा गेलं. विलंब माफीचा अर्ज जोडला, त्यात एकेका दिवसाचा हिशेब दिला, पोचेच्या प्रती लावल्या. माफी मिळाली. मग आरोपीची नोटीस दोनदा परत आली, 'पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा घेऊन. तिसऱ्या वेळी अण्णा स्वतः पोलिसांना घेऊन कारखान्यावर गेले. गळीत हंगाम चालू होता. काट्यासमोरच्या रांगेत, अकराव्या ट्रॅक्टरवर, नोटीस बजावली गेली.