जुन्या पिकअपचे हेडलाईट मिणमिणतात? आधी बल्बपर्यंत किती व्होल्ट पोचतात ते पाहा

काच साफ, बल्ब नवा, तरी उजेड पिवळट पडतो. जुन्या गाडीत बहुतेक वेळा दोष वायरिंगचा असतो. माझ्या पिकअपमध्ये इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते, पण पेटलेल्या बल्बच्या कपलरवर (बल्बमागच्या प्लगवर) मागून मीटर लावला तर जेमतेम ११.४!

फरक एक व्होल्टच्या वर असेल तर:

१. आधी अर्थिंग. हेडलाईटची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने बसवलेली असते, तिथला गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकाकेपर्यंत काढा, मग बोल्ट घट्ट आवळा. कधी कधी काम एवढ्यावरच भागतं.

२. नाहीच भागलं तर अपर (लांबचा झोत) आणि डीपरसाठी (जवळचा झोत) एकेक चार पिनांचा रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर चालून बल्बला थेट बॅटरीतून करंट देणारा स्विच. जुन्या कपलरची वायर रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला, ८५ अर्थला, बॅटरीची ३० ला, आणि ८७ वरून बल्बला. बॅटरीकडून बल्बकडे जाणारी वायर २.५ स्क्वेअर एमएमची घ्या, बल्बची अर्थ वायरही तेवढीच जाड. प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. बॅटरीची मायनस वायर काढल्याशिवाय कामाला हात लावू नका.

बल्ब मात्र ६०/५५ वॅटचाच ठेवा. १००/९० घातला की होल्डर वितळतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर अंधारी येते ती वेगळीच.