मका-पेंडीतलं अफलाटॉक्सिन पट्टीवर कसं तपासावं

बडोद्यात हाथीखान्यातून गोठ्यासाठी मका किंवा शेंगदाणा पेंड उचलताना बुरशी दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अफलाटॉक्सिन हे बुरशीनं तयार केलेलं विष डोळ्यांना दिसत नाही, शिजवूनही जात नाही. १९७४ साली शेजारच्या पंचमहालात आणि पलीकडे बांसवाड्यात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. गाईच्या पोटात गेलेल्या विषाचा काही अंश दुधातही उतरतो. पशुखाद्यात अफलाटॉक्सिन बी१ ची (या विषाच्या सर्वांत घातक प्रकाराची) मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. तपासणीची पट्टी तेवढ्या किंवा त्याहून कमी मर्यादेची घ्या.

खरी मेहनत नमुन्याची. विष मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत मोजकेच विषारी असतात आणि तेच अख्खा माल बिघडवतात. एका पोत्यातली मूठभर तपासून काहीच कळत नाही. पोकळ सळईने जमेल तितक्या पोत्यांतून वरचा, मधला, तळाचा माल काढून निदान ५ किलो जमवा. ओल लागलेली पोती वगळू नका. सगळा माल बारीक रव्यासारखा दळा (तोंडावर मास्क हवाच), नीट कालवा आणि त्यातून २० ग्रॅम तोला.

त्यात ७० टक्के मिथेनॉल १०० मिली घालून झाकणबंद बाटलीत ३ मिनिटं जोरात हलवा. किटच्या पुस्तिकेत वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा. निवळलं की गाळा. पेंडीचं तेल वर येतं, ते टाळून मधला थर घ्या. मग हा अर्क किटमधल्या बफरने (पातळ करायच्या द्रावाने) पातळ करा. इथे घाई केली तर मिथेनॉल तीव्र राहतं, पट्टीतली अँटीबॉडी (विषाला चिकटणारं प्रथिन) बिघडते आणि निकाल भलताच येतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे: हातमोजे घाला, गॅसजवळ काम नको.

फ्रिजमधली पट्टी पाकीट न फोडता अर्धा तास बाहेर ठेवा, नाहीतर ती दमट होते. अर्काचे थेंब टाकल्यावर सांगितलेल्या मिनिटालाच वाचा. उशिरा रंग बदलतो. लाल रंग सोन्याच्या सूक्ष्म कणांचा. कणांवरच्या अँटीबॉडीला विष आधीच चिकटलं, तर ते कण चाचणीच्या रेषेवर थांबत नाहीत. म्हणून वाचन गर्भचाचणीच्या उलट: दोन्ही रेषा ठळक म्हणजे मर्यादेच्या आत, फक्त नियंत्रणरेषा (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) म्हणजे मर्यादेबाहेर. नियंत्रणरेषाच उमटली नाही तर पट्टी बाद.

चाचणीची रेषा फिकट आली तर नव्या अर्कावर दुसरी पट्टी लावा. तरीही शंका राहिली तर उरलेला दळलेला नमुना प्रयोगशाळेत द्या. निकाल येईपर्यंत तो माल गोठ्यात घालू नका, चांगल्या मालात मिसळून खपवू तर मुळीच नका.